पावसानं आमचा मे महिना नेला

(प्रभागसंघाच्या जून महिन्याच्या सभेत एका गटाच्या सचिव ताई बोलल्या ते. त्यांच्याच शब्दांत, थोडंसं आवरून छापलं आहे.)



मला आज परतफेडीवर बोलायला सांगितलंय. बोलते. पण आधी मे महिन्याचं बोलू द्या, कारण आमच्या गटाचा हप्ता का राहिला ते त्यातच आहे.

आपल्या महाड-पोलादपुरात बाईच्या वाटणीला वर्षातले आठ-दहाच दिवस येतात. लग्नं उरकलेली, मुंबईकर परतीला लागलेले आणि मिरगाला अजून अवकाश. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. त्या एका आठवड्यावर आपण किती गोष्टी टांगून ठेवतो! माहेरी जायचं, लेकीला चार दिवस आणायचं, राहिलेलं वाळवण उरकायचं, माळ्यावर लाकडं चढवायची. वर्षभर कुणी काही म्हटलं की आपलं उत्तर ठरलेलं, "मे महिन्यात बघू."

यंदा, २०२५ साली, तो आठवडा आलाच नाही. वीस तारखेच्या आसपास पाऊस लागला तो हटेना. २६ मेला मॉन्सून मुंबईत पोचल्याची बातमी आली. त्याची तिथली नेहमीची तारीख ११ जून. बातम्यांत पाऊस लवकर आला म्हणून आनंद चाललेला, आणि माझ्या पडवीत रातांब्याच्या साली तिसऱ्या पुटावर अडकलेल्या. आमसुलाला पाच-सहा वेळा रस चढवून वाळवावं लागतं, ऊन नाही तर काय करणार? नाचणीचे पापड वरून कोरडे, आतून ओले. लाकडं अंगणात भिजत. भाताच्या रोपाची धूळपेरणी व्हायची होती, तर शेतात चिखल. वाफसा येईल तेव्हा पेरू, म्हणून घरचे सगळे आभाळाकडे बघत बसलेले.

आणि माझी पिशवी भरून खुंटीला. माहेर रायगड खोऱ्यात, महाडला एस.टी. बदलली की पुढे फार लांब नाही. आये ऐंशीच्या घरात. दोन वर्षं गेले नव्हते. तिनंच फोनवर सांगितलं, "नको येऊ गो, तुझी लाकडं भिजतील." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि चुलीपुढे बसून रडले. धुरानं डोळे चुरचुरतायत असं सुनेला सांगितलं.

घरात म्हणतात, माहेर काय पळून जातंय का? पुढच्या वर्षी जा. म्हणणाऱ्याचं वाईट नसतं मनात. पण पुढच्या वर्षी आये असेल, हे कुणी लिहून दिलंय?

२०२० सालचा उन्हाळा आठवा. लॉकडाऊनमध्ये अक्षय्य तृतीयेची लग्नं राहिली, गाड्या बंद, मुंबईची माणसं शाळेत चौदा दिवस वेगळी ठेवलेली. वर ३ जूनला निसर्ग वादळ. तेव्हा सगळ्यांचंच बुडालं होतं, त्यामुळे एकमेकींजवळ बोलता यायचं. यंदा तसं नाही. एकीचे पापड एप्रिलमध्येच वाळून डब्यात गेले, दुसरीचे बुरसले. एक जाऊन आली, एक राहिली. एकटीचं बुडालं की बाई गप्प बसते. आपलंच चुकलं असं तिला वाटतं.

आमच्या गटात तेच झालं. सहा जणींनी पापडाच्या सामानाला अंतर्गत कर्ज घेतलं होतं. जूनच्या पहिल्या बैठकीला त्यातल्या चौघी आल्याच नाहीत. एक म्हणे आजारी, एक म्हणे शेतावर. मी सचिव, मीही दप्तर पुढे करून मान खाली घातली. शेवटी सगळ्यांत वयस्कर ताई उठल्या आणि त्या चौघींच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आल्या. म्हणाल्या, हप्ता नसला तरी चालेल, तोंड दाखवा.

मग बोलणं झालं. प्रत्येकीनं काय काय गेलं ते सांगितलं. एकीनं बुरसलेले पापड पुसून, पुन्हा भाजून विकायचं ठरवलं होतं. आम्ही नको म्हटलं. एका गिऱ्हाइकाचं पोट बिघडलं तर गटाचं नाव गेलं. ते टाकून द्यायला तिचा हात उठेना, म्हणून आम्ही दोघींनी नेऊन खड्ड्यात पुरले. टाकतानाही सोबत लागते, खरं सांगते.

जे वाचण्यासारखं होतं ते बघितलं. रातांबे पडून होते, आमसूल होणार नव्हतं, तर रस काढून भरपूर मीठ घालून आगळ केलं. त्याला ऊन लागत नाही. आंब्याचा रस चुलीवर आटवला. साठं घालायचं होतं, ते राहिलं. फणसाच्या आठळ्या धुऊन, कोरड्या करून ठेवल्या. हे सगळं मिळून पापडांचं नुकसान भरून निघालेलं नाही. निम्मंही नाही.

आता परतफेड. त्या सहा जणींनी जून आणि जुलैला फक्त व्याज भरायचं, मुद्दल गणपतीला. यंदा गणपती २७ ऑगस्टला आहेत, मुंबईकर येतील, आगळाच्या बाटल्या जातील. हा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. तोंडी ठेवू नका. तोंडी सवलत दिली की दोन महिन्यांनी भांडण होतं, आणि प्रभागसंघाला दप्तरात नुसता थकलेला हप्ता दिसतो, त्यामागची बाई दिसत नाही. पुढच्या वर्षी वाळवणाचं कर्ज मार्चमध्येच द्यायचं, असंही आम्ही ठरवलंय. मेच्या भरवशावर नाही.

माझ्या माहेराचा ठराव काही होत नाही. पण त्या बैठकीत ते माझ्या तोंडून निघून गेलं. तर शेजारची म्हणाली, "लावणी आटपली की दोन दिवस जा, तुझी म्हैस मी पिळते." माझी म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही, ते तिलाही माहीत आहे. म्हणून ती आतापासूनच रोज संध्याकाळी येऊन तिच्या अंगावरून हात फिरवून जाते.

आयेसाठी आगळाची एक बाटली बाजूला काढून ठेवलीय.

चला, आता तुमच्या गटात कुणाचं काय राहिलं ते सांगा. दप्तर नंतर उघडू. चहा यायला अजून वेळ आहे.