‘बघते’ नको, ‘करते’ म्हणा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मीही चार शब्द बोलावेत असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही, चुकले तर सांभाळून घ्या.

पाहिलेत ना? बोलायला उभी राहिले आणि आधी काय सांगितले, तर मला काय येत नाही ते! आज मला याच खोडीविषयी बोलायचे आहे.

२०१४ साली आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला. दोन्ही मुले शाळेत होती. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी असे कळले, म्हणून मी मुलाखतीला गेले. समोर तिघेजण बसले होते. एकांनी विचारले, “चाळीस मुलींचा स्वयंपाक जमेल का?”

मी पदराशी चाळा करीत म्हटले, “बघते. जमेल बहुतेक. घरचंच करते मी, बाहेर कधी केलं नाही.”

“पहाटे सहाला याल?”

“घरी विचारून सांगते.”

“पगार किती हवा?”

“काय द्याल ते.”

जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. घरी येऊन भांडी घासता घासता मला आठवले, की धाकट्या वन्संच्या लग्नात दोन दिवस ६० माणसांचे जेवणखाण मीच सांभाळले होते. ४० मुलींना चार-चार पोळ्या म्हणजे १६० पोळ्या, म्हणजे साधारण ५ किलो कणीक. हा हिशेब माझ्या बोटांवर होता. मग तो तिथे तोंडातून का निघाला नाही? सासरी “मला येतं” म्हटले की उद्धटपणा ठरे. तेच वळण घेऊन मी परक्या माणसांपुढे गेले. घरच्यांना माझा हात ठाऊक होता. त्या तिघांपुढे मात्र माझ्या शब्दांखेरीज काहीच नव्हते.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सगळ्याच अटी आपण पुऱ्या करू शकत नाही, हे त्यांनी त्यात लपवले नाही. पण रडगाणेही गाईले नाही. आपली प्रकृती चांगली आहे, आपल्या माणसांचा विरोध सोसून आपण आलो आहोत, आणि आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचे आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. उणे काय ते एकदाच सांगावे आणि जवळ काय आहे ते नीट मांडावे, एवढे त्या पत्रातून मी घेतले.

गेल्या वर्षी माझी मुलगी हिशेबाच्या नोकरीसाठी मुलाखतीला निघाली. आदल्या रात्री मी साहेब झाले आणि तिला समोर बसवले. ती म्हणाली, “मला टॅली थोडंफार येतं.” मी म्हटले, “थोडंफार म्हणजे किती? चिमूटभर का मूठभर?” मग ती म्हणाली, “कॉलेजात असताना एका किराणा दुकानाची बिलं मी आठ महिने टॅलीवर चढवली आहेत.” ऐकताना माझ्याच अंगावर मूठभर मांस चढले! मुलाखतीत तिला जीएसटीचे विवरणपत्र भरता येते का असे विचारले. तिने सांगितले, “अजून स्वतः भरलेलं नाही. बिलांच्या नोंदी करते. एकदा दाखवा, शिकून घेईन.” ती जागा काही मिळाली नाही. तसेच बोलून दुसऱ्या ठिकाणी मात्र मिळाली. गोड बोलण्याने प्रत्येक दार उघडते असे नाही, पण आपल्याच हाताने कडी घालून का घ्यावी?

तेव्हा भगिनींनो, मुलाखतीला जाताना केलेले काम आकड्यांत सांगा. “बहुतेक”, “बघते” ही शेपटे वाक्याला लावू नका. घरी विचारायचे ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या. पगाराचा आकडा मनात ठरवून जा. आणि खोटे मात्र बोलू नका, ते पहिल्याच आठवड्यात पोळपाटावर उघडे पडते. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. आपल्या घरात गहू चांगलाच आहे, बायांनो!

माझी एक सूचना आहे. दर गुरुवारी भजनानंतर अर्धा तास आपण मुलाखतीचा सराव करू. एकीने साहेब व्हावे, एकीने उमेदवार. पुढच्या महिन्यात मी स्वयंपाकाच्या कामासाठी एका ठिकाणी भेटायला जाणार आहे. तेव्हा पहिला सराव माझा घ्या. ६० माणसांचा स्वयंपाक मी करते.