रविवार कोणाचा?

आठवड्यातून एक दिवस विसावा हे मालकांचे औदार्य नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभांतून ही मागणी मांडली. १८९० च्या जूनमध्ये ती मान्य झाली.

चळवळीतला कार्यकर्ता हा रविवारही चळवळीला वाहतो. सहा दिवस कचेरी, संध्याकाळी युनियन, सुटीला शिबिर. ही धावपळ खरी आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु अशाच एका आठवड्यात एका कार्यकर्त्याची पत्नी तापाने अंथरुणाला खिळली, आणि पहाटे पाचला येणारे नळाचे पाणी, मुलांचे डबे, वृद्ध आईची औषधे यांचे वेळापत्रक त्याला प्रथमच कळले. युनियनच्या वेळापत्रकाहून ते कठोर निघाले. तेथे तहकुबीची सूचना मांडता येत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हे श्रम धरले जात नाहीत. पुरोगामी घरांतही ते फारसे धरले जात नाहीत, हे अधिक लाजिरवाणे. महागाईविरुद्ध १९७२ नंतर निघालेल्या मोर्चांत लाटणे रस्त्यावर आले. घरी परतल्यावर ते पुन्हा त्याच हातात गेले.

पत्नी बरी झाल्यावरही पाणी आणि डबे त्या कार्यकर्त्याने आपल्याकडेच ठेवले आहेत. शाखेची रविवारची बैठक त्यामुळे नऊऐवजी अकराला भरते. काही जुन्या मंडळींची कुरकुर आहे. ती खुशाल चालू राहो.