फसलेल्याला हसू नका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘तू कॉम्प्युटरला आहेस, तेव्हा मोबाइल आणि इंटरनेटच्या सुरक्षिततेवर दहा मिनिटं बोल,’ असं संयोजकांनी मला सांगितलं. मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. तज्ज्ञ नाही. पण सुट्टीत घरी आले की आळीतले निम्मे फोन माझ्याकडे येतात, आणि फोनबरोबर माणसंही येतात. त्यातून माझी काही मतं झाली आहेत, ती मांडते. पटली नाहीत तर जेवणाच्या पंगतीत जरूर भांडा.

माझं पहिलं मत असं, की ऑनलाइन फसवणुकीचा आणि हुशारीचा फारसा संबंध नाही.

मध्यंतरी अनेकांना एक मेसेज येत होता. ‘तुमचं मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला.’ यात चोराने काय केलं ते बघा. भीती घातली, वेळ कमी दिला आणि सुटकेचा रस्ताही स्वतःच दाखवला. फोन केला की तो म्हणतो, फक्त दहा रुपये भरा आणि हे एक ॲप घ्या. त्या ॲपमधून तुमच्या फोनचा पडदा त्याला तिकडे बसून दिसतो. दहा रुपये भरताना तुम्ही जे जे टाइप करता, ते सगळं तो वाचतो. आमच्या अभ्यासात याला ‘सोशल इंजिनिअरिंग’ म्हणतात. कुलूप फोडायचं नाही, मालकाकडूनच उघडून घ्यायचं.

माझ्या नात्यातले एक काका याच मेसेजला फसले. एसटीतून निवृत्त झालेले, हिशेबाला इतके पक्के की वाण्याची वही तेच तपासून देतात. ‘नाव घेऊ नकोस, पण सांग लोकांना,’ असं त्यांनीच मला सांगितलंय. एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे तीन दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काकूंनासुद्धा नाही. चौथ्या दिवशी औषधाला पैसे काढायला गेल्यावर कळलं. तोवर रक्कम चार खात्यांतून फिरून निघून गेली होती. मी विचारलं, ‘काका, लगेच का नाही बोललात?’ ते म्हणाले, ‘पोरं हसतील गं.’

माझ्या मते ते तीन दिवस चोराने फुकटात मिळवले, आणि ते त्याला आपण सगळ्यांनी दिले.

कारण या कामात वेळ हीच सगळी किंमत आहे. १९३० हा गृह मंत्रालयाचा हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं, आणि रक्कम अजून खात्यात असेल तर ती रोखून धरली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. म्हणजे ही पैशाच्या मागे धावण्याची शर्यत आहे. पहिल्या तासात धावलात तर पैसे सापडण्याची आशा असते, तीन दिवसांनी फारशी नाही.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलं. त्यानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, गडबड तिसरीकडेच झाली, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड येत नाही. आणि समजा तुम्ही स्वतःच ओटीपी सांगून बसलात, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, त्यांची जबाबदारी बँकेची. म्हणजे नियमही तेच सांगतो, की लवकर बोला.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेने पोलिसांत फिर्याद दिली, तपास झाला, खटला चालला. जिच्याकडे संगणक विभाग आहे अशी बँक जर लुटली जाऊ शकते, तर निवृत्त कंडक्टरला आपण कोणत्या तोंडाने वेंधळा म्हणायचं? बँकेने फिर्याद दिली, काकांना मात्र तोंड लपवावंसं वाटलं. हा फरक काही तंत्रज्ञानाने केलेला नाही.

दुसरं मत. ‘सावध राहा’ एवढं सांगून यंत्र बनवणाऱ्यांनी हात झटकू नयेत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे यंत्राला खीळ घालता येते, पण पाच माणसं गेल्यावर ती सुचली. नवीन खात्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल तर ती काही तास थांबवून ठेवणं आज अशक्य नाही. आम्ही शिकणाऱ्यांनी हे आधी सुचवायला हवं. वेगाचं कौतुक आम्हाला भरपूर शिकवतात, थांबण्याचं कमी.

आता थोडं कामाचं. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे वाटेत कोणी वाचत नाही एवढंच, पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असं नाही. चोराच्या संकेतस्थळावरही ते कुलूप असतं. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यांतला माणूस ‘दार लावून घ्या, कोणाला सांगू नका’ म्हणाला, की तो चोर. ‘कोणाला सांगू नका’ हे वाक्य लक्षात ठेवा. त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

शेवटी तुमच्याकडे तीन मागण्या आहेत.

पहिली संपादक मंडळाला. या स्मरणिकेत आपली सूची छापली जाणार आहे. त्यात नाव, तुकडी, गाव, व्यवसाय जरूर असू द्या. पण जन्मतारीख आणि घरचा पत्ता छापू नका. जुनी ओळख सांगत फोन करणाऱ्याला तेवढी माहिती पुरते.

दुसरी वर्गमित्रांना. आज जो ग्रुप तयार झालाय, त्यावर उद्या माझ्या नावाने ‘अडचणीत आहे, वीस हजार पाठव’ असा मेसेज आला, तर पैसे पाठवू नका. मला फोन करा. हल्ली आवाजाचीही नक्कल होते, म्हणून दहावीच्या वर्गात मी कुठल्या बाकावर बसायचे ते विचारा. आणि ग्रुपच्या माहितीत १९३० हा नंबर आजच लिहून ठेवा.

तिसरी मागणी सगळ्यांनाच. आपले बरेच शिक्षक आता निवृत्त आहेत, मुलं परगावी आहेत. गावात राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जावं, त्यांच्या शेजारी बसावं आणि फोन त्यांच्याच हातात ठेवून समजावून सांगावं. आमची गणितं तुम्ही पाच-पाच वेळा समजावून सांगितलीत सर, आम्हीही तेच विचारा, सहाव्यांदा विचारा.

आणि कोणी फसलं, तर पहिलं वाक्य ‘एवढं कसं कळलं नाही’ हे नसावं. ‘कधी झालं, चला, आधी फोन लावू’ हे असावं. पुढचं यंत्रणेने करायचं आहे, पण सुरुवात ही अशीच होते.