रोहूचे आईबाप कोण?

आज आमच्या गटाच्या तलावाची गोष्ट सांगतो. तलाव आम्ही ठेक्याने घेतो आणि पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतो. एका वर्षी कोंडा-पेंड वेळेवर घातली, राखण केली, पण जाळं ओढलं तर रोहू काही हातभर, बरेचसे वितीएवढे, आणि थोड्यांचे कणे वाकडे. खाद्य कमी पडलं, पाणी बिघडलं तरी असं होतं, हे खरं. पण बीजाचे आईबाप कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

साठलेल्या पाण्यात रोहू अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन अशा माशांची पैदास करून दाखवली आणि मग बीज केंद्रं वाढली. एक मादी लाखांनी अंडी देते. म्हणजे चार-सहा जोड्यांत सगळ्या गिऱ्हाइकांचं भागतं! पुढे त्यांच्याच पिलांतून आईबाप निवडले, की भावाबहिणींच्या जोड्या लागत जातात. शेळ्यांत आपण बोकड बदलतोच ना, त्याच्याच लेकींना तो लागू नये म्हणून? माशांत मात्र कोणी बघत नाही. 100 माद्या आणि नर दोनच असले, तर वाणाच्या हिशेबाने तो जेमतेम 8 माशांचा कळप.

वरून सगळे रोहू सारखेच. म्हणून शास्त्रज्ञ पराची चिमटीएवढी कातरण घेतात. मासा जिवंत राहतो. त्यातल्या डीएनएमध्ये काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, कुणात 10 वेळा तर कुणात 14 वेळा. प्रत्येक ठिकाणी एक खूण आईची, एक बापाची. कळपात नाना तऱ्हेच्या खुणा निघाल्या तर वाण भरलेला. त्याच त्या दोन-तीन निघाल्या तर गोतावळा आटलाय समजायचं.

भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्य संस्थेने उलटं केलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतले रोहू आणले, शेततळ्यातलेही घेतले आणि निवड करत गेले. 1997 साली त्यातून ‘जयंती रोहू’ आला. दर पिढीला वाढ सरासरी 17 टक्क्यांनी सुधारली. नद्यांत वेगवेगळे रोहू शिल्लक होते, म्हणून हे जमलं. आषाढात अंड्यांनी भरलेला मासा नदी-ओढ्यात अडवू नका, असं आम्ही घरच्या पुरुषांनाही सांगतो ते याचसाठी. ऐकतात थोडे, पण सांगतो.

यंदा आम्ही विचारूनच बीज ठरवलं: नर किती, माद्या किती, नवे मासे कुठून आणि कधी आणले? एक जण चिडला, “बायांना कशाला एवढी चौकशी?” म्हणाला. दुसऱ्याने सरळ तळ्यावर नेऊन नर-माद्या दाखवल्या, वही उघडली. बोटुकली त्याच्याकडूनच आणणार आहोत.