अन्नऋण

(विद्यानगर, हैदराबाद येथे श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या भाषणाचा सारांश)



ताट पुढे आले की चित्राहुती घालून अन्नास नमस्कार करण्याची रीत आपल्या पुष्कळ घरांतून अद्याप टिकून आहे. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नासंबंधी व्रते सांगितली आहेत : अन्नाची निंदा करू नये, त्याचा अव्हेर करू नये, ते वाढवावे, आणि सर्वांत शेवटी, आश्रयार्थ दारी आलेल्यास विन्मुख पाठवू नये. हा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली दोन व्रते पाटावर बसून पाळता येतात. शेवटचे पाळावयाचे तर उठून दारापर्यंत जावे लागते. आपली कृतज्ञता बहुधा पाटावरच थबकते.

हैदराबादेतील मराठी मंडळींना दामाजीपंतांची कथा दूरची वाटू नये. तिचे एक टोक मंगळवेढ्यास असले, तरी दुसरे येथून जवळच असलेल्या बेदरास आहे. बहामनी राज्याचे अधिकारी असलेल्या पंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, आणि त्याचे मोल विठू महाराच्या रूपाने साक्षात पांडुरंगाने बेदरच्या दरबारी भरले, असे चरित्रकार सांगतात. महिपतीबुवांच्या १७६२ च्या ‘भक्तविजया’मुळे ही कथा घरोघर पोचली.

कथेचा चमत्कार सर्वांना पाठ असतो; तिच्यातील दोन गोष्टी मात्र निसटून जातात. पहिली ही की, लोक उपाशी मरत होते तेव्हा मंगळवेढ्यास धान्य होते. कोठार भरलेले होते. भुकेल्याचा त्यावर हक्क नव्हता, एवढेच. दुष्काळ हा नेहमी धान्याच्या अभावानेच पडतो असे नाही, पुष्कळदा ते मिळविण्याचे सामर्थ्य गेल्याने पडतो, ही गोष्ट अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय रीतीने मांडली. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. देवाने रूप घेतले ते, ज्याला त्या काळी कोणत्याही पंगतीत पाट मिळाला नसता, त्याचे. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना चोखोबा दरडीखाली गेले, अशी परंपरा आहे. भक्तांनी कथेतील विठूला डोक्यावर घेतले आणि पंगतीतील विठूला शतकानुशतके बाहेर बसविले. मठांच्या अन्नदानाचा गौरव करताना हे झाकून ठेवणे सत्यास धरून होणार नाही.

आता आपल्या नगराकडे वळू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील बहुतेकांस माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु धान्य म्हणजे जेवण नव्हे. परगावाहून आलेला मजूर, रुग्णाच्या उशाशी बसलेला नातलग, खोली घेऊन राहणारा गरीब विद्यार्थी यांच्यापाशी कधी शिधापत्रिका नसते, तर कधी चूल नसते. म्हणूनच २०१४ साली येथील महानगरपालिकेने हरे कृष्ण चळवळीच्या साहाय्याने पाच रुपयांत भोजन देण्यास आरंभ केला, तेव्हा त्या रांगांत कष्टकरीच अधिक दिसू लागले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१२ मध्ये, दबीरपुऱ्याच्या पुलाखाली अझहर मक्सूसी या प्लास्टरकाम करणाऱ्या गृहस्थांनी भुकेल्यांस जेवू घालण्यास प्रारंभ केला. लहानपणी स्वतः सोसलेली भूक त्यांस ठाऊक होती. तेथे बसणाऱ्यास जात वा धर्म कोणी विचारला नाही. आपल्या पंगतींनी त्या पुलाखालून शिकण्यासारखे आहे.

विद्यानगर हे नावच विद्यार्थ्याची आठवण देणारे आहे. जुन्या काळी संस्कृत पाठशाळेतील मुलगा वार लावून जेवी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात अन्न मिळे, पण कोणत्या घरी पान कसे वाढले गेले हेही तो आयुष्यभर विसरत नसे. शिळे वेगळे काढून ‘गरिबांसाठी’ पाठविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जे आपल्या ताटात वाढण्याजोगे नाही, ते दानास योग्य नाही.

कांची कामकोटी पीठाचे श्रीचंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी गृहिणींसाठी मूठभर तांदळाची योजना घालून दिली होती : स्वयंपाकापूर्वी रोज एक मूठ बाजूस काढावी, ते तांदूळ एकत्र शिजवून नैवेद्यानंतर गरिबांस द्यावेत. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडाच्या मार्गाने मुलांच्या वसतिगृहांस धान्य जमविले. हिशेब अगदी साधा आहे. मूठ ५० ग्रॅमची धरली, तर एका घरचे महिन्यास दीड किलो होतात. शंभर घरांचे दीडशे किलो. माणशी १५० ग्रॅम धरल्यास एक हजार जणांचा भात. डाळ, तेल व इंधन यांचा खर्च निराळा, आणि तो भक्तमंडळींनी वाटून घ्यावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलेले बरे. केवळ तांदळाने पोट भरते, शरीर पोसत नाही.

उत्सवाच्या महाप्रसादात उरते किती आणि पानांत टाकले जाते किती, हे या वर्षीपासून मोजून लिहून ठेवावे. तांदळाच्या मुठीसाठी प्रत्येक घरी झाकणाचा एक डबा पुरेल. एकादशीस तो मठात आणावा, म्हणजे द्वादशीच्या पारण्याचे पहिले पान बाहेरच्या ओसरीवर न वाढता आत, सर्वांच्या ओळीत वाढता येईल.