सायलेन्सरचा नट किती आवळावा?



पुण्याहून नाशिककडे जातांना चाकण व राजगुरुनगर मागें पडलें, कीं आंबेगांव तालुक्यांतील पेठ हें गांव लागतें. पुढें अवसरीचा घाट ओलांडून रस्ता मंचरला पोंचतो. या बाजूस दुधाच्या किटल्या, भाजीचीं पोतीं आणि घरचीं माणसें या सर्वांचा भार मोटारसायकलच वाहते. हादऱ्यांनीं तिच्या सायलेन्सरचे नट सैल होतात. मग लांब दांड्याचा पाना लावून, ‘आतां हा हालावयाचा नाहीं’ अशा समाधानानें ते आवळले जातात. हें समाधान पुष्कळदां महागांत पडतें.

नट आवळला म्हणजे नेमकें काय घडतें? सायलेन्सरचा पुढील वांकडा नळ, ज्यास कारागीर बेंड पाईप म्हणतात, तो बहुतेक गाड्यांत इंजिनच्या हेडला दोन पोलादी स्टडांनीं जखडलेला असतो. मध्यें गॅस्केटचें कडें असतें. नट फिरूं लागला कीं स्टड केसभर ताणला जातो, आणि ताणलेल्या रबराप्रमाणें पुन्हां आखडूं पाहतो. सांधा घट्ट राहतो तो या ओढीमुळें. ओढ कमी पडली तर नट सुटतो. ओढ मर्यादेबाहेर गेली तर स्टड कायमचा लांबतो व अखेर तुटतो. हेड ॲल्युमिनियमचें, म्हणजे पोलादाहून मऊ. तेव्हां कित्येकदां स्टड शाबूत राहून हेडमधील आटेच निघून येतात.

ही ओढ डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून नट फिरविण्याचा जोर मोजतात. त्यालाच टॉर्क म्हणतात. हाताचा जोर गुणिलें पान्याची लांबी, असा त्याचा साधा हिशेब आहे. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाशीं सुमारें १० किलोंचा जोर दिला, तर टॉर्क सुमारें २० न्यूटन-मीटर होतो. त्याच पान्याला नळी अडकवून लांबी दुप्पट केली, कीं तोच हात न कळत ४० देतो! ८ मिलिमीटरच्या स्टडाला पुष्कळ गाड्यांत २० च्या आसपास, तर ६ मिलिमीटरच्या स्टडाला सुमारें १० न्यूटन-मीटर पुरतात. परंतु खरा आंकडा त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेंतीलच मानावा. दिलेल्या जोरापैकीं सुमारें नऊ-दशांश घर्षणांतच खर्च होतो. म्हणून गंजलेल्या आट्यांवर पुरेसा टॉर्क देऊनही ओढ अपुरी राहते, आणि तेल लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क अतिरिक्त ठरतो.

सैल सांध्यांतून तप्त वायु बाहेर पडतो, फटफट आवाज येतो व गॅस्केट जळतें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो. फटींतून बाहेरची हवा आंत शिरली, तर त्याच्याकडून चुकीची वर्दी जाते आणि पेट्रोल व्यर्थ जळूं शकतें. उलट स्टड हेडमध्यें तुटला, तर तो भोंक पाडून काढावा लागतो. काम बिघडल्यास नवें हेडही घ्यावें लागतें. कांहीं रुपयांच्या नटापायीं हजारोंचा खर्च होतो, आणि दूध घालणाऱ्याचा दिवस बुडतो तो निराळाच.

काम कसें करावें? इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. आटे तारेच्या ब्रशनें साफ करावे व गॅस्केट नवें घालावें. सर्व नट-बोल्ट प्रथम नुसत्या बोटांनीं लावावे, म्हणजे नळ आपल्या जागीं बिनताण बसतो. नंतर हेडचे दोन्ही नट आळीपाळीनें, थोडे थोडे आवळावे. एकच आधीं घट्ट केल्यास नळ तिरपा बसतो. मागील आधाराचे बोल्ट शेवटीं आवळावे. टॉर्क-पाना मुठीच्या जागींच धरावा आणि ‘टक्’ आवाज होतांच थांबावें. आणखी एक हिसका देऊं नये. नट सोडविण्यासाठीं हा पाना वापरूं नये, आणि काम संपल्यावर त्याचें माप खालीं उतरवून ठेवावें. गाडी एकदां तापून पुन्हां पूर्ण निवली, कीं नट तपासावे.

असा पाना घरीं नसेल, तर गाडी दुरुस्तीस देतांना तो वापरण्याचा आग्रह धरावा. बळकट मनगट हें कारागिराचें भूषण खरें. पण नटाला बळ कळत नाहीं, माप कळतें.