इराणांतील कर्तबगार स्त्रिया

इराण या नांवाचा उच्चार होतांच आपल्याकडील सुशिक्षित माणसास फिर्दौसी, सादी, हाफीज आणि उमर खय्याम यांची आठवण होते. मराठी भाषेंत फारसी शब्द तर शेंकड्यांनीं नांदत आहेत. माधव ज्यूलियन यांनीं फारसी-मराठी कोश रचला आणि रुबाईचें रूप मराठी रसिकांच्या परिचयाचें केलें. तथापि या जुन्या ओळखींत एक उणीव राहून गेली आहे. आपणांस ठाऊक असलेलीं बहुतेक इराणी नांवें पुरुषांचीं आहेत. त्या देशाच्या स्त्रियांनीं काय केलें, आणि तें करण्यासाठीं त्यांना काय मोल द्यावें लागलें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

प्राचीन इराणांत स्त्रीच्या हातीं राजदंड आल्याचें उदाहरण आहे. सातव्या शतकाच्या पूर्वार्धांत, ससानी साम्राज्याच्या पडत्या काळांत, दुसर्‍या खुस्रोची कन्या बोरान ही सिंहासनावर बसली. तिच्या नांवाचीं नाणीं आजही पाहावयास मिळतात. तिची बहीण आझरमीदुख्त हिनेंही कांहीं काळ राज्य केलें. पुढें बाराव्या शतकाच्या सुमारास महसती ही कवयित्री आपल्या रुबायांनीं प्रसिद्धि पावली. परंतु राजकन्येस सिंहासन मिळालें म्हणून सामान्य घरांतील मुलीस पाटी मिळते असें नाहीं. इराणी स्त्रीच्या अर्वाचीन इतिहासाचें मर्म या पाटींतच सांपडतें.

या इतिहासाच्या उंबरठ्यावर ताहिरा उभी आहे. कझवीन येथील एका विद्वान धर्मशास्त्र्याच्या घरांत तिचा जन्म झाला. ती शास्त्रांत पारंगत होती व कवयित्रीही होती. परंतु शिष्यांना शिकवीत असे ती पडद्याआडून. बाबी पंथाच्या बदश्त येथील मेळाव्यांत, १८४८ सालीं, ती उघड्या तोंडानें सभेपुढें आली आणि एकच खळबळ उडाली. चारच वर्षांनीं तेहरान येथें तिला देहदंड झाला.

ताहिरेला घरींच विद्या मिळाली. ती सर्वांच्या मुलींना मिळावी म्हणून धडपडल्या बीबी खानम अस्तराबादी. स्त्रियांना वळण कसें लावावें हें पुरुषांना शिकविणारें एक पुस्तक त्या काळीं निघालें होतें. त्यास उत्तर म्हणून बीबी खानम यांनीं ‘पुरुषांचे दोष’ अशा अर्थाच्या नांवाचा एक खुमासदार ग्रंथ लिहिला. पण केवळ लेखणी परजून त्या थांबल्या नाहींत. इराणांत राज्यघटना येतांच, १९०७ सालीं, तेहरानमधील आपल्या राहत्या घरांत त्यांनीं मुलींची शाळा उघडली. लेखन-वाचन, गणित, इतिहास, भूगोल आणि स्वयंपाक असे विषय तेथें शिकवीत. मुली शिकल्या कीं धर्म बुडाला, अशी हांकाटी लगेच झाली आणि शाळा बंद करावी लागली. पुढें ती पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली. पण मुली अगदीं लहान असाव्यात, आणि शाळेच्या नांवांतून ‘कुमारिका’ हा शब्द काढावा, अशा अटींवर! बीबी खानम यांनीं शब्द सोडला, शाळा सोडली नाहीं. पुण्यांत सावित्रीबाई फुल्यांवर झालेल्या चिखलफेंकीची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाहीं.

शाळेमागून वृत्तपत्र आलें. इस्फहान येथें सदीका दौलताबादी यांनीं १९१९ सालीं ‘झबान-ए-झनान’, म्हणजे ‘स्त्रियांची वाणी’, हें पत्र काढलें. फख्र आफाक पार्सा यांनीं ‘जहान-ए-झनान’ हें पत्र चालविलें आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केल्यापायीं त्यांना कूम शहरीं स्थानबद्ध व्हावें लागलें. तेथेंच १९२२ सालीं त्यांना कन्या झाली. तिची हकीकत पुढें येणार आहे.

या नव्या शाळांच्या काळांत पर्वीन एतेसामी वाढल्या. तबरीझ येथें १९०७ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील साक्षेपी साहित्यिक होते; त्यांनीं कन्येस स्वतः शिकविलें. पर्वीन यांचा काव्यसंग्रह १९३५ सालीं निघाला, तेव्हां हें स्त्रीचें लिखाण नव्हेच, अशी शंका कांहीं पंडितांनीं काढली. कारण त्यांत शृंगार नव्हता. नीति, अनुकंपा आणि अन्यायाची चीड होती. स्वयंपाकघरांतील लसूण आणि कांदा यांचा संवाद घेऊन त्या परनिंदेचें व्यंग दाखवितात, आणि दुसर्‍या एका कवितेंत राजाच्या मुकुटांतील रत्न म्हणजे गरिबांचे अश्रू आहेत, हें एका वृद्धेकडून वदवितात. विषमज्वरानें १९४१ सालीं, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

त्यांच्या मागून इराणी साहित्यांत स्त्रियांची परंपराच सुरू झाली. सीमीन दानेश्वर यांची ‘सूवशून’ ही कादंबरी १९६९ सालीं निघाली. सीमीन बेहबहानी यांनीं गझलेस नवीं वृत्तें दिलीं. फुरूग फर्रुखझाद यांनीं स्त्रीच्या अंतःकरणांतील गोष्टी निर्भयपणें काव्यांत आणल्या. तबरीझजवळच्या महारोग्यांच्या वसाहतीवर चित्रपट काढला, आणि तेथील एका मुलास आपलासा करून घरीं नेलें. मोटारीच्या अपघातानें १९६७ सालीं, बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

एका कलावतीचा संबंध तर आपल्या मुंबईशीं आहे. फारसी भाषेंतील पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ हा १९३३ सालीं निघाला, तो मुंबईच्या इंपीरियल फिल्म कंपनींत. हिंदी भाषेंतील पहिला बोलपट ‘आलम आरा’ काढणारे अर्देशीर इराणी यांचीच ही कंपनी. नायिकेची भूमिका रूहअंगीझ सामीनेझाद यांनीं केली. पडद्यावर बोलणारी ही पहिली इराणी स्त्री. बोलपट तेहरानांत तुफान चालला. नायिकेच्या वांट्यास मात्र स्वदेशीं अपमानच आला. दोन चित्रपटांनंतर त्यांनीं हा व्यवसाय सोडला आणि उरलेलें दीर्घ आयुष्य एकांतांत काढलें.

या सार्‍या काळांत राज्यकर्त्यांनीं स्त्रियांस विचारून कांहीं केलें असें झालें नाहीं. रझाशहानें १९३६ सालीं बुरखा सक्तीनें उतरविला. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या सत्तेनें शिरोवस्त्र सक्तीनें चढविलें. हुकूम उलट होते, सक्ती एकच होती. कूम येथें जन्मलेल्या त्या कन्येचें, फर्रुखरू पार्सा यांचें, चरित्र या दोन हुकुमांमध्यें घडलें. वैद्यकाची पदवी घेऊन त्या शिक्षिका झाल्या. स्त्रियांना १९६३ सालीं मताधिकार मिळाल्यावर त्या संसदेंत गेल्या, आणि १९६८ सालीं शिक्षणमंत्री झाल्या. इराणच्या मंत्रिमंडळांतील ही पहिली स्त्री. क्रांतीनंतर, मे १९८० मध्यें, त्यांना मृत्युदंड देण्यांत आला.

शिरीन एबादी या तेहरानच्या न्यायालयाच्या अध्यक्ष होत्या. स्त्रीनें न्यायदान करूं नये असें नव्या राजवटीनें ठरविलें आणि जेथें त्यांनीं निकाल दिले तेथेंच त्यांना कारकून केलें. पुढें वकिलीची सनद मिळवून त्यांनीं स्त्रिया, मुलें आणि राजबंदी यांचे खटले चालविले. त्यांना २००३ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. नर्गिस मोहम्मदी यांना तोच मान २०२३ सालीं मिळाला, तेव्हां त्या तेहरानच्या तुरुंगांत होत्या; पारितोषिक त्यांच्या मुलांनीं स्वीकारलें.

आतां पुन्हा पाटीकडे वळूं. मरियम मिर्झाखानी यांचा जन्म तेहरान येथें १९७७ सालीं झाला. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षीं त्यांचें गणित बेताचेंच होतें, आणि बाईंना त्यांच्यांत विशेष कांहीं दिसलें नाहीं. मुलांच्या शाळेंत अवघड गणितांचे खास वर्ग असत, मुलींच्या शाळेंत नसत. मरियम आणि त्यांची मैत्रीण मुख्याध्यापिकेकडे गेल्या, आणि त्या खंबीर बाईंनीं वर्ग सुरू करून दिले. आंतरराष्ट्रीय गणित-स्पर्धेंत इराणतर्फे तोंवर मुलगी गेली नव्हती, ही अडचण बाईंनीं अडचण मानली नाहीं. मरियम यांनीं १९९४ सालीं सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढच्या वर्षीं पैकीच्या पैकी गुण घेऊन पुन्हा मिळविलें. वक्र पृष्ठांच्या भूमितीवरील संशोधनाबद्दल त्यांना २०१४ सालीं फील्ड्स पदक मिळालें. गणितांतील हें श्रेष्ठ पदक १९३६ पासून दिलें जातें. तोंवर एकाही स्त्रीस तें लाभलें नव्हतें. कर्करोगानें २०१७ सालीं, चाळिसाव्या वर्षीं, त्या गेल्या. स्त्री-गणितज्ञांचा जागतिक दिवस आज त्यांच्या जन्मदिनीं, १२ मे रोजीं, पाळला जातो.

बीबी खानम यांच्या घरांतील शाळेपासून या पदकापर्यंत १०७ वर्षें लोटलीं. शाळा बंद झाल्या, पत्रें बुडालीं, पदें गेलीं, प्राणही गेले. पण एकदां अक्षर शिकलेल्या स्त्रीस पुन्हा निरक्षर करण्याची युक्ति कोणत्याही सत्तेस सांपडली नाहीं. मिर्झाखानी यांची बुद्धि असामान्य होती, यांत संशय नाहीं. परंतु दाराशीं आलेल्या दोन मुलींना ‘नाहीं’ न म्हणणारी एक मुख्याध्यापिका त्या बुद्धीस वेळेवर भेटली, हेंही तितकेंच खरें आहे. ज्या घरांत आज एखादी मुलगी वही पुढें करून कांहीं विचारीत असेल, त्या घरानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.